ज्यांनी हाती पुस्तक दिले



आपल्या पूर्वजांनी माणसाच्या डोक्यावर तीन ऋणे सांगितली आहेत : देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. पहिली दोन ऋणे आपण या बेटावर आपापल्या परीने फेडत असतो. गणेश चतुर्थीला आणि महाशिवरात्रीला देवाचे नाव घेतो, पितृपक्षात वाडवडिलांची आठवण करतो. तिसऱ्या ऋणाचा मात्र आपल्याला बरेचदा विसर पडतो. ज्यांनी आपल्याला विद्या दिली त्यांचे ऋण ते ऋषिऋण. ते फेडण्याची रीतही निराळीच आहे. ज्याचे घेतले त्याला ते परत करता येत नाही. स्वतः शिकून आणि पुढच्याला शिकवूनच ते फिटते.

आज आम्हांला या ऋणाच्या एका लहानशा, घरगुती भागाविषयी लिहावयाचे आहे. अक्षर शिकवणारे गुरुजी बहुतेकांना आठवतात. परंतु अक्षर येणे वेगळे आणि वाचनाची गोडी लागणे वेगळे. शाळेत अक्षर सर्वांनाच मिळते. गोडी लावणारे कोणीतरी एकच माणूस असते, आणि ते पुष्कळदा शाळेच्या बाहेरचे असते. एखादी आजी, एखादा थोरला भाऊ, शेजारचे एखादे काका. त्यांचे नाव कोणत्याही दाखल्यावर नसते. म्हणूनच त्यांचे आभार मानायचे राहून जाते.

हा विषय सुचण्याचे कारण म्हणजे एक पत्र. आमची एक माजी विद्यार्थिनी सध्या जर्मनीत एर्लांगेन नावाच्या शहरात शिकत आहे. बव्हेरिया प्रांतात, न्यूरेंबर्गच्या जवळ, रेग्निट्झ नदीच्या काठी हे शहर वसलेले आहे. तेथील विद्यापीठ १७४३ सालचे आहे. सीमेन्स कंपनीचा तेथे मोठा व्याप आहे. त्यामुळे महाराष्ट्रातली बरीच मंडळी नोकरी-शिक्षणासाठी तेथे जातात. अशाच एका पुण्याच्या कुटुंबात ती दिवाळीला गेली होती. घरातल्या लहान मुलीने गोष्टीचे पुस्तक तिच्यापुढे धरले, आणि हिने ते घडाघडा वाचून दाखवले. घरची माणसे चकित झाली. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या, घरी क्रेओल बोलणाऱ्या मुलीला देवनागरी वाचता कशी येते, असे त्यांनी विचारले. "आमच्या गावच्या बैठकेत एक गुरुजी होते," असे तिने सांगितले. आणि पत्राच्या शेवटी आम्हांला विचारले, "गुरुजी कसे आहेत?"

गुरुजी आहेत. वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. मन शाबूत आहे, स्मरण चांगले आहे, परंतु डोळे गेल्यासारखेच आहेत. ज्या माणसाने गावातल्या दोन पिढ्यांना वाचायला लावले, त्यांना आज एक ओळ वाचता येत नाही. त्यांना वाचून दाखवायला कोणी येत असेल का, हा प्रश्न आम्हांला त्या पत्राने पाडला.

हे गुरुजी दिवसा साखर कारखान्यात काम करीत आणि संध्याकाळी बैठकेत शिकवीत. आम्हीही तेथेच शिकलो. त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. तीत भारतातून आणवलेली काही पुस्तके, 'चांदोबा'चे जुने अंक आणि साने गुरुजींची 'श्यामची आई' होती. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, ते १९३५ साली छापले गेले, आणि पुढे समुद्र ओलांडून आमच्या बैठकेतील पेटीत आले. आमचे गुरुजी गोष्ट वाचायला घेत. ती ऐन रंगात आली की पुस्तक मिटून कोणा एकाच्या हाती देत आणि म्हणत, "पुढचे तू घरी पाहा, आणि उद्या आम्हां सर्वांना सांग." पुढे शिक्षक-प्रशिक्षणात आम्ही वाचन शिकवण्याच्या पुष्कळ पद्धती शिकलो. त्या उपयोगाच्याही आहेत. पण मिटलेल्या पुस्तकाएवढा गुण आम्हांला दुसऱ्या कशाचा आलेला नाही.

आणि आमची आजी. तिला अक्षराची ओळख नव्हती. श्रावणात ती आमच्याकडून श्रीधरस्वामींचे 'शिवलीलामृत' वाचून घेई. आम्ही अडखळलो की न पाहता दुरुस्त करी, कारण तिला ते ऐकून पाठ होते. ज्यांना वाचता येत नव्हते अशा माणसांनीसुद्धा आपल्याला वाचते केले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. मूल वाचायला लागते ते पुष्कळदा कोणीतरी ऐकणारे आहे म्हणून.

आता थोडे त्या एर्लांगेन शहराविषयी सांगू. कारण शोधू जाता असे दिसले की, आजच्या आपल्या विषयाचे दाखले त्या शहराच्या इतिहासातच पडलेले आहेत.

आपली मुले माध्यमिक शाळेत विजेचा धडा शिकतात तेव्हा त्यांना ओहमचा नियम पाठ करावा लागतो. तो शोधून काढणारे जॉर्ज सायमन ओहम हे एर्लांगेनचे. त्यांचा जन्म तेथे १७८९ साली झाला. वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलपे बनवणारे कारागीर, आणि आई एका शिंप्याची मुलगी. घरी सात मुले झाली, त्यांतली तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. वडिलांना रीतसर शिक्षण मिळालेले नव्हते. तथापि त्यांनी स्वतः पुस्तके वाचून गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला, आणि जॉर्ज व मार्टिन या दोन्ही मुलांना ते घरी शिकवले. शहरातल्या शाळेत विज्ञान फारसे शिकवत नसत. ती उणीव एका कुलूपवाल्याने भरून काढली. जॉर्ज पंधरा वर्षांचा असताना विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी त्याची परीक्षा घेतली, आणि स्वित्झर्लंडच्या प्रसिद्ध बर्नोली बंधूंची उपमा या दोघा भावांना दिली. मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. जॉर्ज कोलोन येथे शाळामास्तर झाला. शाळेच्या प्रयोगशाळेतच त्याने आपले प्रयोग केले आणि १८२७ साली आपला ग्रंथ छापला. प्रथम कोणी फारसे विचारले नाही. मग १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले, आणि १८८१ च्या पॅरिस येथील परिषदेत विद्युत्‌रोधाच्या मापाला 'ओहम' हे नाव मिळाले.

ते नाव मुलाच्या कीर्तीमुळे पडले, परंतु आडनाव तर बापाचेच ना! दिवसभर लोखंड घासून रात्री मुलांपुढे पुस्तक उघडणारा तो बाप आम्हांला परका वाटत नाही. आपल्या ऊसमळ्यांतून घामाने भिजून घरी येणारे, आणि तरीही मुलाला "वाच, मी ऐकतो" म्हणणारे आजे-पणजे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो ओळखीचाच वाटेल.

दुसरा दाखला कवी फ्रीडरिख रुकर्ट यांचा. १८२६ ते १८४१ या काळात ते एर्लांगेनच्या विद्यापीठात पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक होते. संस्कृत, फारसी, अरबी अशा कितीतरी भाषा त्यांना येत. आपल्या महाभारतातील नल-दमयंतीची कथा त्यांनी जर्मन पद्यात आणली आणि ती १८२८ साली प्रसिद्ध झाली. आमच्या आजीला पाठ असलेली कथा त्या थंड देशातली मुलेही वाचू शकली, ती अशा माणसांमुळे. परंतु आज त्यांची आठवण काढावयाची ती दुसऱ्याच कारणासाठी. एर्लांगेनला येण्याच्या पुष्कळ आधी, १८१३ च्या नाताळात, या थोरल्या भावाने आपल्या चिमुकल्या बहिणीला झोपवण्यासाठी पाच गोष्टी पद्यात लिहून तिला भेट दिल्या. पुढे त्या गोष्टी जर्मनीतल्या असंख्य मुलांनी ऐकल्या. मोठा पंडित होण्याआधी तो माणूस एका लहान मुलीला गोष्ट सांगणारा भाऊ होता.

त्या पाच गोष्टींतली एक आपल्या समाजाने ऐकण्यासारखी आहे. रानात एक लहान झाड होते. त्याला पाने नव्हती, नुसत्या सुया होत्या. त्याला वाटले, आपल्याला सोन्याची पाने हवीत. ती मिळाली, आणि चोरीला गेली. मग काचेची मागितली. ती वादळात फुटली. मग इतर झाडांसारखी हिरवी मागितली. ती शेळीने खाल्ली. शेवटी झाडाने आपल्या जुन्या सुयाच परत मागितल्या, आणि त्या मिळाल्यावर ते आनंदी झाले.

हिचा अर्थ कोणी असा करू नये की, इंग्रजी आणि फ्रेंच या परक्या पानांना हात लावू नये. ती गोष्ट लिहिणाऱ्यालाच डझनावारी भाषा येत होत्या. आपल्या मुलांनी इंग्रजीत पहिले यावे, फ्रेंचमध्ये सुंदर लिहावे, हीच आमची इच्छा आहे. एवढेच की, झाडाने शेवटी आपल्या सुया परत मागितल्या तेव्हा त्या त्याला मिळाल्या. माणसाच्या समाजात तसे होतेच असे नाही. गेलेली भाषा मागून परत मिळत नाही.

याचाही दाखला त्याच शहरात आहे, आणि तो आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. १६८५ साली फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांना दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. लाखो लोक देश सोडून पळाले. त्यांना ह्यूगेनॉट म्हणतात. एर्लांगेनच्या राजाने, मारग्रेव्ह क्रिस्तियान एर्न्स्ट याने, १६८६ साली त्यांना आसरा देऊन त्यांच्यासाठी नवे नगर वसवले. १६९८ साली तेथे सुमारे १००० फ्रेंच होते, आणि जर्मन अवघे तीनशेच्या आसपास. त्यांनी आपले मंदिर बांधले, फ्रेंचमध्ये प्रार्थना चालवली, विणकाम-टोपीकाम असे उद्योग उभारले. म्हणजे भाषा टिकण्यास अनुकूल असे सारे होते. तरी एकोणिसाव्या शतकाची पहिली काही दशके उलटेपर्यंत त्यांची फ्रेंच भाषा व्यवहारातून आणि प्रार्थनेतूनही गेली. आज त्यांचे मंदिर उभे आहे, राजवाड्यामागच्या बागेत त्यांच्या नावाचे कारंजे उडते, चौकाला त्यांचे नाव आहे. भाषा तेवढी नाही.

आपण आपला हिशेब करून पाहू. गिरमिटिया मजुरांचे जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईला लागले तेव्हापासून मोजले, तर आपल्या बेटावर भारतीय गिरमिटियांच्या वस्तीला १९० वर्षे होऊन गेली. रत्नागिरीच्या, कोकणाच्या बाजूने आलेल्या आपल्या माणसांना ह्यूगेनॉटांसारखा राजाश्रय नव्हता. त्यांनी उसाच्या मळ्यांत राबून बैठका चालवल्या. त्या शहरातले फ्रेंच दीडशे वर्षांच्या आत जे गमावून बसले, ते आपल्याकडे अजून थोडेबहुत शिल्लक आहे. सरकारी शाळांत मराठीचा तास आहे. मोका येथे १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थानात मराठीचे उच्च शिक्षण मिळते. हे भाग्य लहान नव्हे. परंतु मंदिर आणि कारंजे राहून भाषा जाऊ शकते, तशी आपली गणपतीची मिरवणूक राहील, झाकरी राहील, आणि तोंडातली मराठी जाईल, हे भय खोटे नाही. घरातली बोली आपण बहुतेक ठिकाणी सोडली आहे. उरला आहे तो वाचनाचा धागा. तो बारीक आहे, आणि तो आजवर कोणी धरून ठेवला, तर त्या पत्र्याच्या पेटीवाल्या माणसांनी.

कोणी विचारील, मराठी पुस्तके वाचून नोकरी मिळते का? प्रश्न रास्त आहे, आणि आईबापांच्या काळजीतून आलेला आहे. वर्गातला आमचा अनुभव असा की, ज्या मुलाला एका भाषेत वाचनाची गोडी लागली, ते दुसऱ्या भाषेचे पुस्तकही आपण होऊन उघडते. ज्याला कशाचीच गोडी नाही, त्याला तीन भाषांची तीन पुस्तके म्हणजे तीन ओझी. तेव्हा मराठी गोष्टीला दिलेली पंधरा मिनिटे इंग्रजीतून वजा होत नाहीत.

पुस्तके कोठून आणावीत, हीही तक्रार आता पूर्वीइतकी खरी नाही. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' हे मुलांचे मासिक १९७१ पासून निघते, आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचावयास मिळतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू झाली. पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीत पोहोचवावयाच्या आणि काही महिन्यांनी आपसांत बदलावयाच्या, अशी ती साधी कल्पना. या पेट्या पुढे परदेशांतील मराठी माणसांपर्यंतही गेल्या. पाचगणीजवळच्या भिलार गावाने २०१७ साली आपली घरे वाचकांसाठी उघडली, आणि ते पुस्तकांचे गाव झाले. जर्मनीतच, युद्धाने बेचिराख झालेल्या देशात, येला लेपमान या बाईंनी १९४६ साली म्युनिकला परदेशी बालपुस्तकांचे प्रदर्शन भरवले, आणि १९४९ साली तेथे मुलांचे आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उघडले. त्या स्वतः ज्यू. हिटलरच्या राज्यात त्यांना देश सोडावा लागला होता. त्याच देशाच्या उपाशी मुलांसाठी त्यांनी पुस्तके मागून आणली. हे सारे वाचले म्हणजे आपली अडचण पुस्तकांची नसून देणाऱ्या हातांची आहे, असे दिसून येते.

म्हणून आम्ही आपल्या मंडळांपुढे आणि बैठकांपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. तिला पैसा लागत नाही, ठराव लागत नाही. प्रत्येक गावात डोळ्यांनी थकलेले कोणीतरी वृद्ध आहेत, ज्यांनी एके काळी आपल्याला गोष्टी सांगितल्या, पोथ्या ऐकवल्या किंवा पुस्तके दिली. आणि प्रत्येक गावात मराठी शिकणारी मुले आहेत, ज्यांच्या वाचनाला परीक्षेखेरीज दुसरा श्रोता नाही. या दोघांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवावे. शनिवारी दुपारी एक तास पुरे. मुलाने वाचावे, वृद्धाने ऐकावे आणि चुकले तेथे सांगावे. मुलाला ऐकणारे माणूस मिळेल, वृद्धाला पुन्हा पुस्तक मिळेल. शब्दाचा जुना, कोकणी वळणाचा उच्चार त्यांच्या तोंडून मुलाच्या कानी पडेल, जो कोणत्याही छापील पुस्तकात नाही.

दुसरे, आपल्या घरी जे एखाददुसरे मराठी पुस्तक असेल त्याच्या पहिल्या पानावर, ते ज्यांच्यामुळे आपल्याला वाचावेसे वाटले त्यांचे नाव लिहून ठेवावे. पुढे ते पुस्तक नातवंडांच्या हाती जाईल तेव्हा त्यांना कळेल की, आपल्या घरात वाचन कोणत्या वाटेने आले.

आम्ही आमच्या वर्गातल्या दोन मुलांना घेऊन या महिन्यापासून गुरुजींकडे जाण्याचे ठरवले आहे. पहिल्या खेपेस काय वाचावे, असे त्यांना निरोप पाठवून विचारले. उत्तर आले की, मुलांना जे आवडेल ते आणा. मात्र गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटा, म्हणजे पुढच्या शनिवारी मुले नक्की येतील.

वाचकहो, आपल्याही गावात असे कोणी असतील. त्यांचे डोळे गेले असतील, कान अजून शाबूत आहेत. उशीर होण्याआधी एखादे पुस्तक घेऊन त्यांच्या दारी जा, आणि सोबत एक मूल न्या.